ओले बूट आणि झिजलेले बूट: बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

प्रश्न

नमस्कार. माझ्याजवळ घोटा झाकणारे, बाहेरून चामड्याचे आणि आतून जलरोधक अस्तर असलेले ट्रेकिंगचे बूट आहेत. ते घेऊन पाच वर्षे झाली असून माझ्या नोंदींप्रमाणे त्यांच्यावर सुमारे ७५० किलोमीटर चाल झाली आहे. पहिली तीन वर्षे ओढ्यात पाय पडला तरी मोजे कोरडे राहत. गेल्या महिन्यातील दोन दिवसांच्या चालीत मात्र सकाळपासून लागलेल्या संततधारेत दुपारपर्यंत दोन्ही मोजे असे भिजले, की पिळल्यावर धार लागली. रात्रभरात बूट अजिबात सुकले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी तेच गारठलेले बूट घालून ११ किलोमीटरचा उतार उतरावा लागला. खाली पोहोचले तेव्हा उजव्या टाचेवर रुपयाएवढा फोड आला होता आणि दोन्ही तळवे पांढरेफटक पडून सुरकुतले होते.

वरवर पाहता बूट चांगले दिसतात. चामडे कुठे फाटलेले नाही, शिवण उसवलेली नाही, फक्त टाचेच्या बाहेरच्या कडेला सोलच्या खाचा झिजल्या आहेत. सोबतचे एक अनुभवी गिर्यारोहक म्हणाले, की आतले अस्तर एकदा गेले की बूट संपला, त्यावर आणखी खर्च करू नये. घरच्यांना मात्र इतके धडधाकट दिसणारे बूट टाकून देणे पटत नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही ते जड जाते, कारण हे बूट माझ्या पायाला अगदी नेमके बसलेले आहेत.

आठ आठवड्यांनी मला सहा दिवसांच्या चालीवर जायचे असून त्या वाटेवर रोज एक-दोनदा गुडघ्याखालच्या पाण्यातून जावे लागणार आहे. हे बूट दुरुस्त करून न्यावेत की नवे घ्यावेत? आणि वाटेत बूट भिजलेच, तर चालताना पायांची काळजी कशी घ्यावी? कृपया अनुभवाच्या आधारे मार्गदर्शन करावे.

उत्तर १

अस्तर गेले असे ठरवण्याआधी पाणी कोठून येते हे शोधून काढावे, अशी माझी आपल्याला आग्रहाची सूचना आहे. बुटात पाणी येण्याच्या तीन वाटा असतात आणि तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

पहिली वाट वरची. पावसाचे पाणी पोटरीवरून किंवा पॅंटवरून ओघळत मोज्याच्या काठाशी येते आणि दिव्याची वात तेल ओढते तसे मोजा ते पाणी खाली ओढून घेतो. अशा वेळी बूट पूर्णपणे जलरोधक असला, तरी आत पाणी साचतेच, आणि जलरोधक असल्यामुळेच ते बाहेर पडू शकत नाही. पॅंटची कड बुटात न खोचता बुटावरून सोडली आणि त्यावर गेटर, म्हणजे पोटरीपासून बुटापर्यंतचे बाहेरचे आवरण, बांधले, तर ही वाट बरीचशी बंद होते. आपल्या नदीपात्रांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बुटाच्या जिभेला दोन्ही बाजूंनी घडीचा पडदा शिवलेला असतो. तो पडदा जेथे संपतो, तीच त्या बुटाची खरी मर्यादा होय. पाणी त्याच्या वर गेले, की कितीही भारी बूट असला तरी भरणार.

दुसरी वाट आतली, म्हणजे घामाची. जलरोधक अस्तरात एक अतिशय पातळ पडदा असतो. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी पॉलिटेट्राफ्लुरोएथिलीन हा पदार्थ झटक्याने ताणून जो सच्छिद्र पापुद्रा तयार केला, तो या प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध पडदा. त्यातील छिद्रे पाण्याच्या थेंबाला आत येऊ देत नाहीत, पण वाफेला जाऊ देतात. मात्र वाफ आपोआप बाहेर जात नाही. आतल्या बाजूला ऊब व दमटपणा जास्त आणि बाहेर कमी, असा फरक असेल तरच ती जाते. बुटाच्या चामड्यावरील जलप्रतिबंधक लेप उतरला, की चामडे पाणी पिऊन जड होते, पडद्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचा थर बसतो आणि वाफेची वाट अडते. बूट थंड पडल्यामुळे तीच वाफ आत पाणी होऊन साचते. पडदा शाबूत असूनही मोजे ओलेचिंब होतात आणि आपल्याला वाटते, की बूट गळतो आहे.

तिसरी वाट खऱ्या गळतीची. चवड्यापाशी बूट दुमडतो त्या घडीत किंवा टाचेच्या आत, जेथे पाय सतत घासतो तेथे, पडद्याला भोक पडते. बाहेरून त्याचा मागमूसही दिसत नाही.

या तिन्हींतील फरक घरीच ओळखता येतो. कोरडा मोजा घाला, त्यावर न फाटलेली पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा, तिच्यावर दुसरा कोरडा मोजा घाला आणि बूट घालून घोट्याच्या खाली राहील एवढ्या पाण्यात वीस मिनिटे पावले टाकत राहा. नुसते उभे राहू नका, कारण घडीतले भोक बूट दुमडल्यावरच उघडते. नंतर बाहेरचा मोजा ओला निघाला तर बूट गळतो आहे. बाहेरचा कोरडा आणि आतला दमट निघाला, तर तो आपल्याच पायाचा घाम आहे. गळती असल्यास तिची जागा शोधण्यासाठी बुटात कोरडा कागद सर्व बाजूंना चिकटेल असा दाबून भरावा, बूट पुन्हा पाण्यात धरून हाताने चवड्यापाशी वाकवत राहावे आणि कागदावर पहिला डाग कोठे उमटतो ते पाहावे.

लेप उतरला एवढाच दोष निघाला, तर उपाय सोपा आहे. बूट मऊ ब्रशने साध्या पाण्यात धुवा आणि घड्यांत बसलेला चिखल पूर्णपणे काढा, कारण वाळणारा चिखल चामड्यातील ओलावा व तेल शोषून घेतो आणि तेथेच पुढे भेगा पडतात. त्यानंतर गुळगुळीत चामड्याला मेणाचा आणि लवदार चामड्याला फवाऱ्याचा लेप द्यावा. लेप कोणत्या अवस्थेत द्यायचा, ओलसर की कोरड्या, हे डबीवर लिहिलेले असते. ते वाचूनच द्यावा. तेल मात्र हात राखून वापरावे. तेलाने मुरवलेले चामडे सैल पडते आणि घोट्याचा आधार जातो.

उत्तर २

वरील उत्तरातील प्रत्येक शब्द मला मान्य आहे, परंतु आपल्या प्रश्नातील महत्त्वाचा भाग पाण्याचा नाही, असे मला वाटते. ओल्या पायांनी सहा दिवस चालता येते. तुटलेल्या सोलने सहा तासही चालता येत नाही. म्हणून बूट बदलावेत की नाही, हे अस्तरावरून न ठरवता तळावरून ठरवावे.

हे मी अनुभवाने सांगतो. माझे एक भक्कम चामडी बूट दोन वर्षे कपाटात पडून होते. चामडे तुकतुकीत, खाचा जवळजवळ नव्या. एका लांबच्या चालीच्या दुसऱ्या दिवशी पाय काहीसा खचल्यासारखा वाटला. वाकून पाहिले, तर सोल आणि चामडे यांच्यामधला राखाडी थर ओल्या खडूसारखा भुगा होऊन कडेने गळत होता. अर्ध्या तासात टाचेकडून सोल सुटली आणि पुढच्या दहा मिनिटांत दुसऱ्या पायाचीही सुटली. तंबूची दोरी चवड्याभोवती आणि घोट्याभोवती गुंडाळून मी परतलो. दर दीड-दोन किलोमीटरला दोरी झिजून तुटत होती.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पुष्कळशा जड बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेनचा फेस असतो. हवेतील आर्द्रता या पदार्थाच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडते. यालाच जलअपघटन म्हणतात. ही क्रिया बूट न वापरतासुद्धा चालू राहते. दमट, उबदार आणि हवा न खेळणाऱ्या जागी ती अधिक वेगाने होते. त्यामुळे बंद पिशवीत जपून ठेवलेले बूट आधी जातात आणि नेहमी वापरात असलेले पुष्कळदा जास्त टिकतात. अशा थराचे आयुष्य बनवल्याच्या तारखेपासून साधारणतः पाच ते दहा वर्षे धरतात. आपले बूट पाच वर्षांचे आहेत, पण दुकानात येण्यापूर्वी ते किती काळ गोदामात होते हे आपल्याला ठाऊक नाही. जिभेच्या आतल्या पट्टीवर निर्मितीचा महिना छापलेला असल्यास तो अवश्य पाहावा. या थराच्या कडेला अंगठ्याचे नख दाबा. खूण उमटून सावकाश भरून आली तर ठीक. नखाखाली चुरा निघाला, चिकटपणा जाणवला किंवा आडव्या बारीक भेगा दिसल्या, तर ते बूट वस्तीपासून दूर नेऊ नयेत.

हलक्या बुटांत हा थर ईव्हीए नावाच्या फेसाचा असतो. तो अशा रीतीने फुटत नाही, पण दबून मरतो. त्यातील हवेच्या सूक्ष्म पेशी चपट्या होतात आणि पुन्हा फुगत नाहीत. याची खूण म्हणजे थराच्या कडेला कायमच्या पडलेल्या आडव्या सुरकुत्या. बूट टेबलावर ठेवून डोळ्यांच्या पातळीवर मागून पाहा. तो एका बाजूला कललेला दिसला, तर आपला घोटाही प्रत्येक पावलाला तसाच कलतो आहे. त्याहून विश्वासार्ह खूण शरीर देते. पूर्वी ज्या चालीनंतर काहीच दुखत नव्हते, तिच्यानंतर आता गुडघे, टाचा किंवा नडग्या दुखू लागल्या असतील आणि ओझे व वेग तोच असेल, तर तो थर संपला आहे असे समजावे.

किलोमीटरच्या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नये. हलके बूट ५०० ते ८०० किलोमीटर आणि मजबूत चामडी बूट ८०० ते १,६०० किलोमीटर चालतात असा ढोबळ हिशेब सांगितला जातो, पण चालणाऱ्याचे वजन, पाठीवरचे ओझे आणि वाटेवरचे खडक यांनी तो सहज निम्मा होऊ शकतो. सोलच्या खाचा नव्या असताना साधारण ४ ते ५ मिलिमीटर खोल असतात. त्या २ मिलिमीटरच्या खाली गेल्या, की चिखलाच्या उतारावर बूट धरत नाही. आपली टाचेची बाहेरची कड झिजली आहे, आणि उतरताना आपण नेमके त्याच कडेवर पहिला भार देतो, म्हणून ती खोली मोजूनच पाहा.

एक समाधानाची गोष्ट सांगतो. वरचे चामडे चांगले असेल, तर काही बुटांना नवी सोल बसवता येते. जे बूट त्या दृष्टीने शिवलेले किंवा सुट्या थरांचे असतात, त्यांचे हे काम कुशल कारागीर व्यवस्थित करतात आणि त्याच वेळी मधला थरही बदलता येतो. साच्यात ओतून थेट चामड्याला चिकटवलेली सोल मात्र सहसा बदलता येत नाही. कारागिराला बूट प्रत्यक्ष दाखवूनच निर्णय घ्यावा.

सुकवण्याबद्दलही दोन शब्द. शेकोटी, हीटर आणि कडक ऊन यांपासून बूट दूर ठेवावेत. उष्णतेने चामडे आकसून तडकते आणि सोलचा गोंद मऊ पडतो. मी पाहिलेल्या उखडलेल्या सोलांपैकी निम्म्या तरी शेकोटीजवळ बिघडलेल्या आहेत. आतला सुटा तळ बाहेर काढावा, नाड्या पूर्ण सैल करून जीभ पुढे ओढावी, आत चुरगळलेला कागद भरावा आणि पहिल्या दिवशी तो दर दोन-तीन तासांनी बदलावा. वारा खेळत असेल, तर एक-दोन दिवसांत चामडी बूट सुकतात. अस्तर असलेल्या बुटाचे नाक सर्वांत शेवटी सुकते, म्हणून बोटे आत घालून ते तपासल्याशिवाय बूट कपाटात ठेवू नयेत.

उत्तर ३

मी व्यवसायाने परिचारिका आहे आणि बरीच वर्षे डोंगरात चालते. बुटांविषयी वर सविस्तर आले आहे, म्हणून मी केवळ पायांविषयी लिहिते.

आपले तळवे पांढरे पडून सुरकुतले होते, ही खूण हलक्यात घेऊ नये. बराच वेळ पाण्यात राहिलेली त्वचा पाणी शोषून फुगते व मऊ पडते. दमट त्वचेवर मोज्याचे घर्षण कोरड्या त्वचेपेक्षा वाढते आणि त्यामुळे त्वचेचे थर एकमेकांपासून सुटून फोड येतो. म्हणजे नेमके बसणारे बूटसुद्धा ओले झाल्यावर चावतात. उजव्या टाचेचा फोड एवढ्यावरून बूट बिघडले असे म्हणता येणार नाही.

याच्या पुढची पायरी गंभीर असते. पहिल्या महायुद्धात खंदकांतील असंख्य सैनिकांचे पाय जिने निकामी झाले, ती खंदकपायाची व्याधी बर्फाशिवायही होते. तापमान १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असले, तरी सतत ओल्या व घट्ट बुटांत अर्ध्या दिवसाहून अधिक काळ राहिलेल्या पायांना ती होऊ शकते. आधी मुंग्या येतात, मग पाय बधिर व जड होतो आणि ऊब मिळाल्यावर तो लाल होऊन सुजतो व असह्य ठणकतो. बधिरपणा जाणवला, की थांबून बूट काढावेत, पाय कोरडे करून गुंडाळून हळूहळू उबेला आणावेत. चोळू नयेत आणि शेकोटीवरही धरू नयेत, कारण बधिर पायाला चटका बसल्याचे कळत नाही. संवेदना परत येत नसेल, तर चाल सोडून डॉक्टरांकडे जावे.

माझा स्वतःचा नियम रात्रीचा आहे. दिवसभर पाय ओले राहिले तरी चालतील, पण रात्रीचे सात-आठ तास ते पूर्ण कोरडे असलेच पाहिजेत. त्यासाठी लोकरी मोज्यांचा एक जोड मी न फाटणाऱ्या पिशवीत, झोपण्याच्या पिशवीच्या तळाशी ठेवते. तो तंबूच्या बाहेर कधीही येत नाही आणि सकाळी कितीही जिवावर आले, तरी मी पुन्हा ओले मोजे घालते. तो जोड चालताना वापरला, की पुढच्या रात्रीसाठी काहीही उरत नाही. दुपारच्या विसाव्यात बूट-मोजे काढून दहा-पंधरा मिनिटे पाय वाऱ्याला ठेवावेत, मोजे घट्ट पिळावेत आणि बोटांच्या बेचक्यांत व टाचेवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. सुती मोजे नकोत. ते पाणी धरून ठेवतात आणि गोळा होऊन बोचतात. लोकर ओली असतानाही काहीशी ऊब देते.

एका बाबतीत माझे मत वरील दोघांहून थोडे वेगळे आहे. रोज गुडघ्याखालच्या पाण्यातून जायचे असेल, तर जलरोधक अस्तराचा हट्ट धरू नये, असे मला वाटते. पाणी वरून शिरणारच आहे आणि असा बूट एकदा भरला, की दोन-तीन दिवस सुकत नाही. जाळीचे, अस्तर नसलेले बूट पन्नास पावलांत बहुतेक पाणी फेकून देतात आणि चालता चालता पुष्कळसे सुकतात. शिवाय पायातले वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा साधारण पाच पट दमवते. पाणी प्यायलेले चामडी बूट किती जड होतात, हे आपण त्या ११ किलोमीटरमध्ये अनुभवलेच आहे. मात्र वाट बर्फाची किंवा कडाक्याच्या थंडीची असेल, ओझे फार असेल किंवा घोटा पूर्वी मुरगळलेला असेल, तर माझा हा सल्ला लागू नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

तिघांचेही मनापासून आभार. सांगितलेल्या सर्व चाचण्या मी शनिवार-रविवारी केल्या.

पिशवीच्या चाचणीत उजव्या पायाचा बाहेरचा मोजा कोरडा निघाला आणि आतला दमट. म्हणजे उजवा बूट मुळात गळतच नव्हता. डाव्याचा बाहेरचा मोजा टाचेपाशी ओला होता. कागद भरून पाहिले, तर पहिला डाग टाचेच्या आतल्या बाजूला, तळापासून दोन बोटे वर उमटला. आत बोट घालून चाचपले तेव्हा तेथील अस्तर विरून गेलेले लागले आणि बोटाचे टोक थेट चामड्याला टेकले. पाच वर्षांत मी तेथे एकदाही हात लावून पाहिला नव्हता.

तरीही निर्णय त्या भोकावरून झाला नाही. टाचेच्या बाहेरच्या कडेला खाचांची खोली १ मिलिमीटरच्या आसपास भरली. मधल्या थराला नख दाबले तेव्हा चुरा निघाला नाही, पण दोन्ही बुटांच्या कडेला चार-पाच बारीक आडव्या भेगा दिसल्या, आणि टेबलावर मागून पाहिल्यावर डावा बूट स्पष्टपणे बाहेर कललेला आढळला. गेल्या वर्षभरात उतरल्यानंतर माझा डावा गुडघा दुखतो. तो वयाचा भाग आहे असे मी समजत होते. कारागिराने बूट पाहून सांगितले, की ही सोल साच्यात ओतलेली असल्याने बदलता येणार नाही.

म्हणून सहा दिवसांच्या वाटेसाठी नवे बूट घेते आहे. ती वाट फार थंड नाही आणि माझे ओझे ९ किलोच्या आत आहे, तेव्हा अस्तर नसलेले, जाळीचे पण कडक तळाचे बूट घेण्याचा विचार पक्का केला आहे. जुने बूट इतक्यात टाकवत नाहीत. घराजवळच्या तासाभराच्या फेरीसाठी भेगा वाढेपर्यंत ते वापरावेत का?

उत्तर २ कडून

सपाट रस्त्यावरच्या फेरीसाठीसुद्धा कललेला बूट दुखऱ्या गुडघ्याला नको, असे माझे स्पष्ट मत आहे. बागकामासाठी किंवा अंगणातल्या कामांसाठी ठेवा.

नवे बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि चालीचेच मोजे घालून पाहा. उतरणीवर अंगठा पुढे टेकता कामा नये, म्हणून बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. आठ आठवडे पुरेसे आहेत. पहिल्या आठवड्यात घरात, मग तास-दोन तास बाहेर, आणि शेवटच्या तीन आठवड्यांत पूर्ण ओझ्यासह किमान दोन लांब चाली करा. त्यांपैकी एक चाल बूट मुद्दाम पाण्यात बुडवून ओले करून करावी. ओल्या अवस्थेत कोठे घासते हे घराजवळच कळले, की त्या जागी आधीच पट्टी लावून निघता येईल.